स्टीलची जाळी चांगली, तिची जाहिरात खोटी

पोअर-ओव्हर कॉफी (फिल्टरमधल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून केलेली) करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कधी फॉरवर्ड म्हणून येतो, कधी अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये. थोडक्यात असा: "कागदी फिल्टर आजच बंद करा. स्टीलचा फिल्टर एकदा घ्या, आयुष्यभर वापरा. चव तीच, उलट जास्त अस्सल, कारण कागद कॉफीचं तेल शोषून घेतो. हे तेल हृदयाला चांगलं असतं. कागदात ब्लीचची रसायनं असतात. कागदापायी झाडं तुटतात. आपल्या दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या धातूच्याच फिल्टरची कॉफी पितात, त्यांना काय झालं? आणि पैसे वाचतात ते वेगळेच."

स्टीलच्या जाळीचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचा फिल्टर, माझ्याही ओट्यावर आहे आणि तो तिथेच राहणार आहे. जाळीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिच्या वतीने जे बोललं जातंय त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि एक दावा तर थेट उलटा आहे.

"चव तीच, उलट जास्त अस्सल"

आधी ठरवा, तीच की जास्त अस्सल? कागद तेल अडवतो हे तुम्हीच सांगता, मग कागद काढल्यावर चव बदलणार हे आलंच. आणि ती चांगलीच बदलते.

कागद दोन गोष्टी अडवतो. एक तेल, दुसरी भुकटी. ग्राइंडर कितीही महाग असो, दळणात पिठासारखे बारीक कण निघतातच. कागदाच्या तंतूंमध्ये ते अडकतात. जाळीची भोकं डोळ्यांना दिसत नसली तरी त्या मानाने मोठी असतात, त्यामुळे भुकटी थेट कपात उतरते. कॉफी गढूळ दिसते, जिभेला जड लागते, तळाशी गाळ बसतो. शिवाय कपात उतरलेली भुकटी गप्प बसत नाही. गरम पाण्यात तिच्यातून अर्क उतरतच राहतो, म्हणून जाळीच्या कॉफीचे शेवटचे घोट पहिल्यापेक्षा कडू लागतात.

कागदी फिल्टरचा जन्मच या तक्रारीतून झाला. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टीपकागद घेतला, पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली आणि त्यातून कॉफी गाळली. कपातला गाळ आणि कडवटपणा तिला नको होता. त्याच वर्षी तिने बर्लिनच्या पेटंट कार्यालयात नोंदणीही केली. म्हणजे जो गाळ काढायला कागद आला, तोच गाळ आता 'अस्सलपणा' म्हणून परत विकला जातोय.

तरी जाळीची कॉफी वाईट असते असं मी म्हणणार नाही. दाणे कोणते यावर ते ठरतं. हलक्या भाजणीची, वॉश्ड प्रक्रियेची (फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली) इथिओपियन कॉफी घेतलीत, तर तिच्यातला फुलांचा वास आणि लिंबासारखा आंबटपणा यासाठीच तर पैसे मोजलेले असतात. जाळीतून तो दबतो. तेल आणि भुकटी मिळून त्यावर जणू पांघरूण घालतात. तिथे कागदच हवा. उलट मॉन्सून्ड मलबार (पावसाळी दमट वाऱ्यात ठेवलेली कॉफी), किंवा चिकमगळूर-कोडगूची मध्यम ते गडद भाजणीची कॉफी जाळीतून छान उतरते. आंबटपणा मुळात कमी असतो, आणि तेलामुळे तिला जो भरीवपणा येतो तो हवाहवासा वाटतो. त्यात दूध घालणार असाल तर कागदाचा नितळपणा तसाही वाया जातो. मी दूध घालून पिणाऱ्यांना बिनदिक्कत जाळी सुचवतो.

या दाव्याचा खरा घोटाळा पुढे आहे. "चव तीच" म्हटल्यावर माणूस कागद काढतो, जाळी ठेवतो आणि बाकी सगळं पूर्वीसारखंच करतो. मग कॉफी पाणचट तरी होते, नाही तर चिखल होते. जाळीतून पाणी कागदापेक्षा वेगाने निसटतं. वेग कमी करायला दळण बारीक करावं, तर भुकटी वाढते, ती कपात तरी उतरते किंवा भोकं बुजवून पाणी तुंबवते. दुहेरी जाळीचे जे कोन ड्रिपरशिवाय, म्हणजे फिल्टर धरणाऱ्या भांड्याशिवाय, थेट कपावर बसतात, त्यांत आणखी एक अडचण असते: वरच्या बाजूच्या जाळीतून पाणी कॉफीला न भेटताच खाली उतरतं.

यावर उपाय पाणी घालण्याच्या हातात आहे. दळण मध्यमच ठेवा. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी हे प्रमाण कागदाचंच चालेल. पहिल्यांदा ४० ग्रॅमभर पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट कॉफी फुगू द्या. नंतर केटल खाली धरून बारीक धारेने, मधोमध, तीन-चार हप्त्यांत पाणी घाला. कडेच्या जाळीवर धार नेऊ नका. चमच्याने ढवळू नका, ड्रिपर गरागरा फिरवू नका. कागदावर या दोन्ही युक्त्या उपयोगी पडतात, पण जाळीवर त्यांनी फक्त भुकटी खाली पाठवली जाते. कॉफी उतरली की मिनिटभर थांबा, आणि शेवटचा घोट कपातच सोडा. तुर्की कॉफी पिणारे तो कधीच पीत नाहीत.

"हे तेल हृदयाला चांगलं असतं"

हाच तो उलटा दावा. बाकी सगळं सोडून दिलं असतं तरी एवढ्यासाठी हे लिहावं लागलं असतं.

कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल नावाची दोन द्रव्यं असतात. त्यातलं कॅफेस्टॉल रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. आपल्या नेहमीच्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांत याबाबतीत त्याच्या इतकं जोरकस द्रव्य क्वचितच सापडेल. हे उघडकीला कसं आलं तेही पाहण्यासारखं आहे. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातल्या पाहणीत १९८३ साली दिसलं, की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉलही जास्त आहे. पण इतर देशांत असा संबंध नेहमी दिसत नव्हता. मग लक्षात आलं की त्या भागात कॉफी पाण्यात उकळून, न गाळता पितात. फिनलंडमधल्या प्रयोगांत उकळलेल्या कॉफीने कोलेस्टेरॉल वाढलं, कागदातून गाळलेल्या कॉफीने वाढलं नाही. पुढे नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोष तेलात आहे हे दाखवलं आणि त्यातून कॅफेस्टॉल वेगळं काढलं.

ते काम कसं करतं? यकृत जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतं. कॅफेस्टॉल या कामाला लगाम घालतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल रक्तात साठत राहतं. कागद कॅफेस्टॉल जवळजवळ सगळं अडवतो. जाळी अडवत नाही, कारण ते तेलाच्या थेंबांसोबत आणि भुकटीसोबत प्रवास करतं.

किती उतरतं? स्वीडनमध्ये ऑफिसांतल्या कॉफी मशीनची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. कॉफी ताजी गाळून देणारी मशीन, ज्यांत बहुतेक धातूचे फिल्टर असतात, त्यांच्या कॉफीत कॅफेस्टॉलचं मध्यक (म्हणजे सगळ्या नमुन्यांतलं मधलं) प्रमाण कागदी फिल्टरच्या कॉफीच्या सुमारे १५ पट होतं. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीत ते त्या मशीनच्याही पाच पट होतं. मशीन आणि हाताने ओतलेली कॉफी एकच नव्हे, पण जाळी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते हे त्यातून कळतं. त्याच तपासणीत उकळलेली कॉफी कापडातून गाळल्यावर कॅफेस्टॉल एकदम खाली आलं. आपल्याकडे पूर्वी चहा-कॉफी फडक्यातून गाळायची पद्धत होती, तिला ही अनपेक्षित शाबासकी.

आता दुसऱ्या टोकाला जाऊन "स्टीलचा फिल्टर म्हणजे हार्ट ॲटॅक" असा नवा मेसेज कोणी बनवू नये. नेदरलँड्समध्ये फ्रेंच प्रेसच्या कॉफीवर प्रयोग झाला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांनी रोज पाच-सहा कप कडक कॉफी २४ आठवडे प्यायली, आणि त्यांचं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल साधारण दहा टक्क्यांनी वाढलं. फ्रेंच प्रेसमध्येही धातूचीच जाळी असते. रोजचा एखादा कप पिणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण ज्यांचं एलडीएल आधीच वाढलेलं आहे, जे त्यासाठी गोळी घेतात आणि दिवसाला चार-पाच कप रिचवतात, त्यांनी कागदच वापरावा. त्यांना "तेल हृदयाला चांगलं" असं सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. नॉर्वेत पाच लाखांहून जास्त लोकांवर सरासरी २० वर्षं नजर ठेवून २०२० साली जो अभ्यास आला, त्यातही कागदातून गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी दिसलं, न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षाही आणि कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे मान्य. पण मेसेजच्या बाजूने तो नक्कीच बोलत नाही.

"कागदात ब्लीचची रसायनं असतात"

ही चाळीस वर्षांपूर्वीची भीती आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरीन वायूने पांढऱ्या केलेल्या कागदात डायऑक्सिन या विषारी द्रव्याचे अंश सापडले होते आणि तेव्हा ती तक्रार योग्यच होती. त्यानंतर कागद उद्योगाने ती पद्धत बहुतांशी सोडली. आज पांढरे फिल्टर बहुतेक ऑक्सिजनच्या प्रक्रियेने पांढरे करतात. तरी मन मानत नसेल तर तपकिरी, ब्लीच न केलेले फिल्टर मिळतात. त्यांना कागदाचा वास थोडा जास्त येतो, म्हणून गरम पाण्याने नीट धुऊन घ्यावे लागतात.

गंमत पुढे आहे. जाळीच्या भोकांत तेल साचतं, खवट होतं आणि आठवडाभरात कॉफीला जुन्या तेलाचा वास येऊ लागतो. साबण तिथे पुरत नाही. त्यासाठी कॅफेत जी पूड वापरतात, तिच्यात मुख्यतः सोडियम परकार्बोनेट असतं, म्हणजेच ऑक्सिजन ब्लीच! त्यात काही धोका नाही, जाळी खळखळून धुतली की झालं. पण ब्लीचच्या भीतीने कागद सोडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

"आयुष्यभर" या शब्दाचाही निकाल इथेच लागतो. एका पत्र्यावर कोरलेली भोकं असतील तर फिल्टर वर्षानुवर्षं टिकतो. बारीक विणीची दुहेरी जाळी मात्र दोन थरांच्या मध्ये तुंबते, आणि घासायला गेलं की वीण सरकते. बोअरचं पाणी असेल तर क्षारही बसतात, ते लिंबाच्या सत्त्वाच्या गरम पाण्यात बुडवून काढावे लागतात.

"झाडं तुटतात"

एक कागदी फिल्टर दीड ग्रॅमच्या आसपास भरतो. रोज एक वापरला तर वर्षाला अर्धा किलो. घरी वर्तमानपत्र येत असेल तर तेवढी रद्दी आठवड्याच्या आत जमते. एका कप कॉफीचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः शेतीत, पाणी तापवण्यात आणि असल्यास दुधात असतो. केटलमध्ये दोन कपांचं पाणी उकळून एकाच कपाचं वापरणं ही सवय सोडली तरी बरंच साधेल.

कागद चोथ्यासकट उचलून ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीतल्या खतात टाकता येतो, दोन्ही कुजतात. जाळीवाले काय करतात? नळाखाली धरतात. चोथा सिंकमध्ये, सिंकमधून पाइपात, आणि मग प्लंबर. जाळी डब्यावर आपटून चोथा आधी काढला आणि मग धुतली, तर हा आक्षेप मी मागे घेईन. असं करणारे फार भेटत नाहीत.

"दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या..."

ज्यांनी माटुंग्यात सकाळी डबरा-टंबलरमधली कॉफी प्यायली आहे, त्यांना हा युक्तिवाद लगेच पटतो. दोन्हीकडे धातू आहे, भोकं आहेत. पण साम्य तिथेच संपतं.

दाक्षिणात्य फिल्टरमध्ये बारीक पूड घालून ती दांड्याच्या चकतीने दाबतात. वर उकळतं पाणी ओतून झाकण लावलं की डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, थेंबथेंब उतरत राहतं, घाई नसेल तर अर्धा तासही. गाळायचं काम पत्र्याच्या भोकांपेक्षा दाबून बसलेला पुडीचा थरच जास्त करतो, आणि भांडं हलवत नसल्याने खालचा गाळही खालीच राहतो. पोअर-ओव्हरमध्ये थर सैल असतो, वरून धार पडते आणि तीन मिनिटांत सगळं आटोपतं. त्या थराला गाळणी बनायला वेळच मिळत नाही.

पूडही वेगळी. तिच्यात बरेचदा चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) असते. नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आणि चिकोरीत कॅफेस्टॉल नसतंच. उरलेल्या कॉफीत रोबस्टा जातीचे दाणे असतील, तर त्यांच्यात तेल आणि कॅफेस्टॉल दोन्ही अरेबिका या दुसऱ्या जातीपेक्षा कमी. वर ते डिकॉक्शन थोडंसं घेऊन दुधात मिसळायचं. पोअर-ओव्हरवाला मात्र शुद्ध अरेबिका घेतो आणि मोठा मग भरून काळी पितो. तेव्हा "त्यांना काय झालं?" हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय.

"पैसे वाचतात"

हे खरं आहे. कागद ब्रँडप्रमाणे साधारण ३ ते ७ रुपयांना पडतो. रोज एक, ५ रुपयांचा धरला तरी वर्षाला १,८२५ रुपये. स्टीलचा बरा कोन हजाराच्या आसपास मिळतो, म्हणजे सहा-सात महिन्यांत किंमत वसूल. फक्त एक हिशेब सोबत ठेवा: २५० ग्रॅमचं पाकीट ५०० रुपयांचं असेल तर १५ ग्रॅम कॉफीच ३० रुपयांची होते, त्यामुळे कपाची किंमत काही निम्म्यावर येणार नाही. वाचलेले पैसे कुठे घालायचे असतील तर दाणे समान दळणाऱ्या बर (burr) ग्राइंडरमध्ये घाला. पात्याच्या ग्राइंडरची भुकटी कागद तरी पोटात घालतो, जाळी ती जशीच्या तशी तुमच्या कपात पाठवते.