बंड्या, ऊठ आणि काउंटरवर जा

विषय निघाला तो त्या वाकड्या पबावरून. रम्या मोबाईलवर बातमी वाचत होता, त्यातलं 'पब पाडला' एवढंच बंड्याच्या कानावर गेलं.

"वाकडचा? कुठला रे? हायवेला लागून होता तो?"

"वाकडचा नाही, वाकडा! इंग्लंडमधला, डडलीजवळचा."

नाना हसता हसता चहा सांडून बसले. बंड्याला मात्र हसू आलं नाही. सासूरवाडी वाकडची, त्यामुळे त्या गावाचं नाव निघालं की तो सावध होतो.

शिल्पाने तो पब आतून पाहिलेला. सहा वर्षं तिथून जवळच वुल्व्हरहॅम्प्टनला नर्स होती. खाली कोळशाच्या खाणी, जमीन खचली आणि १७६५ ची ती इमारत एका अंगाला कलली. आतल्या फळीवर गोटी ठेवली की ती चढाकडे निघाल्यासारखी दिसायची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आग लागली आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंतींवर मशीन फिरलं. पुढच्या वर्षी कौन्सिलने आदेश काढला, होता तसा परत बांधा.

"एका गुत्त्यासाठी?" नानांनी कप खाली ठेवला. "शाळा पडतात, वाडे पडतात, त्याचं कुणाला काही नाही. आणि दारूचं दुकान परत बांधा!"

"नाना, पब म्हणजे पब्लिक हाऊस," शिल्पा म्हणाली. "त्यातलं हाऊस खरं आहे. बऱ्याच ठिकाणी मालक वरच्याच मजल्यावर राहतो. आपण त्याच्या दिवाणखान्यात बसतो. गुत्त्याचा मालक तुम्हाला गुत्त्यातच जेवायला बसलेला दिसलाय का कधी?"

नानांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाचं काय झालं ते आम्ही सगळे जाणतो. शिल्पाही जाणते, म्हणून तिने आवाज खाली आणला. "दारूने गेलेली माणसं मी वॉर्डात पाहिलीत, नाना. दारूची बाजू मी घेत नाहीये. मी स्वतः सहा वर्षं तिथे लाइम-सोडा पीत होते. एका ग्लासावर दोन तास बसायचे. कुणी 'अजून काही?' म्हणून डोक्यावर येऊन उभं राहिलं नाही."

"मग लोक जातात कशाला?" हे रम्याचं. रम्याला पब म्हणजे दारात बाउन्सर, आत डीजे आणि बिलावर टॅक्स.

यावर शिल्पाने जे सांगितलं ते मला अजून दिसतंय. तिच्या घराजवळच्या पबात काउंटरवर हुकांची रांग होती. रोजच्या गिऱ्हाइकांचे स्वतःचे कथलाचे मग त्यांना टांगलेले. एक म्हातारा रोज पाचला कुत्र्याला घेऊन यायचा. मालकीण त्याला न विचारता मग काढून पंपाखाली धरायची. एके दिवशी सहा वाजले तरी मग हुकावरच. तिने दोनदा वर पाहिलं आणि पोराला त्याच्या घरी पिटाळलं. म्हातारा न्हाणीघरात पडलेला होता, खुबा मोडला होता.

"आपल्या सोसायटीत," शिल्पा म्हणाली, "तिसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्यांवरून कळलं असतं."

कुणी काही बोललं नाही. मग बंड्या बोलला. तो बोलणारच होता.

बंड्याने इंग्लंड नऊ दिवस पाहिलंय. टूरने. त्या भांडवलावर तो ब्रेक्झिटपासून बकिंगहॅम पॅलेसपर्यंत कशावरही मत देतो. "मी गेलोय पबमध्ये. चाळीस मिनिटं टेबलावर बसलो, एक माणूस विचारायला आला नाही! शेजारच्या गोऱ्यांचे ग्लास भरलेले. शुद्ध वर्णद्वेष. उठून निघून आलो."

"बंड्या, तिथे वेटर नसतो," शिल्पा म्हणाली. "काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे द्यायचे, ग्लास उचलून आणायचा. लॉर्ड असो नाहीतर गवंडी, त्याच लाकडाला कोपर टेकून उभं राहायचं. तुला कुणी डावललं नाही. तू उठला नाहीस."

रम्याने टाळीसाठी हात पुढे केला. बंड्याचा चेहरा असा की जणू चाळीस मिनिटं आत्ता संपली.

"पण वर्णद्वेष होता," शिल्पा म्हणाली, आणि हे तिने हसण्यावारी नेलं नाही. "वुल्व्हरहॅम्प्टनपासून जवळच, स्मेदिकला. लोखंडाच्या भट्टीत काम करून आलेल्या पंजाब्यांना साध्या बारमध्ये ग्लास मिळायचा, आतल्या चांगल्या खोलीत नाही. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा पुढारी माल्कम एक्स याला घेऊन तिथल्या एका पबात गेले. त्यालाही आतल्या खोलीत नकार. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षी सार्वजनिक जागी असा भेदभाव करण्याविरुद्ध ब्रिटनमध्ये कायदा आला."

"बघ! म्हणजे मी म्हणत होतो तेच," बंड्या म्हणाला.

"तू साठ वर्षं उशिरा म्हणतोयस. आता त्याच भागात कितीतरी पब पंजाब्यांचे आहेत. देसी पब म्हणतात. डार्ट्स तेच, बिअर तीच, आणि पुढ्यात चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल. माझ्या वॉर्डातला एक गोरा पेशंट शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणाला माहितेय? 'लॅम्ब चॉप्स.' ज्यांना आतली खोली नाकारली, त्यांच्या मुलांनी अख्खं घर चालवायला घेतलं. मला पब आवडतो तो यासाठी."

"पण बिअर गरम देतात," बंड्याने शेवटचा किल्ला लढवला.

इथे मला राहवलं नाही, कारण यावर मी बरंच वाचलंय. ती गरम नसते. तळघरातली असते, बारा अंशांच्या आसपास. पिंपात ती जिवंत असते, आंबणं चालूच असतं, हाताने पंप ओढून वर काढतात. पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर चव उतरते. म्हणजे माणसं रोज आली तरच ती बिअर चांगली राहते. कारखान्यांनी ती काढून गॅस भरलेली बिअर आणली, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी तिच्यासाठी चळवळ उभी केली. ती अजून चालू आहे.

"चौघांनी!" नाना म्हणाले. त्यांना आता रस वाटू लागला होता. "आम्ही इथे पाच जण असून नळाचं पाणी दोन वेळ आणू शकलो नाही."

"आपला कट्टा म्हणजेच आपला पब की," रम्या म्हणाला.

"हो का?" शिल्पाने त्याच्याकडे पाहिलं. "मी गेल्यावर्षी परत आले, तेव्हा पहिले दोन महिने तुम्ही मी आले की उभे राहायचात आणि विषय बदलायचात. तिकडे रात्रपाळी करून एकटी जाऊन बसले तरी कुणी मान वळवली नाही."

हे खरं होतं. नाना घड्याळात पाहू लागले.

"आणि तिकडे राउंड असतो," ती म्हणाली. "पाच जण असले की एकेकाने पाचांचं आणायचं. कुणाची पाळी ते बोलायचं नसतं, पण सगळ्यांच्या लक्षात असतं. चुकवणाऱ्याला पुढे कुणी बोलवत नाही."

चारही माना एकदम बंड्याकडे वळल्या. बंड्याकडे २०११ च्या वर्ल्डकपच्या पैजेचे पाच चहा निघतात. तो म्हणतो, पैज फायनलची नव्हती, सेमीफायनलची होती. रम्या म्हणतो, दोन्हींची होती. या मुद्द्यावर एकदा दोघांत आठवडाभर अबोला होता.

"मी देणारच होतो," बंड्या म्हणाला. "पोऱ्या येऊ दे की."

"चाळीस मिनिटं झाली, बंड्या," शिल्पा म्हणाली. "ऊठ."

आणि बंड्या उठला. आम्ही वळून वळून बघत होतो. काउंटरवर जाऊन त्याने पाचशेची नोट काढली. चहावाल्या अण्णांनी नोट पाहिली, बंड्याला पाहिलं, आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "सुट्टे पाहिजेत का साहेब?"