‘लोखंडी’ पद्मिनी आणि ‘पत्र्याचे डबे’

प्रीमियर पद्मिनीच्या फोटोखाली एक मजकूर सध्या जोरात फिरतोय: ‘ही लोखंडी गाडी धडकली तर समोरचा चेपायचा. आजच्या छोट्या गाड्या पत्र्याचे डबे, जरा ठोकलं की बोनेटचा चुरा. हिला कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करायचा. जुनी गाडीच सुरक्षित.’ कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मलाही फार प्रिय आहे. पण यावर विश्वास ठेवून कुणी लेकरांना तिच्यात बसवून एक्स्प्रेस-वेवर नेईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

आधी वजन. पद्मिनी भरते साधारण ९०० किलो. आजची टाटा अल्ट्रोज हजाराच्या वर जाते. म्हणजे ‘लोखंडी’ हा नुसता समज.

आता चुरा. बोनेट चेपतं, कारण ते चेपावं अशीच त्याची रचना असते. धडकेचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. पुढचा भाग घड्या पडत तो जिरवतो, तेव्हा माणसं बसतात तेवढी जागा शाबूत राहते. मर्सिडीजच्या बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं. पुढचा भाग ताठ राहिला, तर तोच जोर आतल्या माणसांवर येतो आणि स्टिअरिंगचा सरळसोट दांडा छातीत घुसतो. जुन्या गाडीला अपघातात फारसं काही झालं नाही म्हणून सांगणाऱ्यांनी आतल्या माणसांचं काय झालं, तेही सांगावं.

याची चाचणीही झाली आहे. २००९ साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहन-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. बेल एअरची केबिन कोसळली. तिचा चालक वाचलाच नसता. मालिबूच्या चालकाच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, इतकंच. जुन्या गाडीत इंजिनच नव्हतं, अशी पळवाट लगेच निघाली. इंजिन होतं, सहा सिलिंडरचं.

दुरुस्तीचं म्हणणं मात्र मान्य. कार्बोरेटर उघडा, जेट साफ करा, गाडी चालू. पण त्याच साधेपणात चारही चाकांना ड्रम ब्रेक आले आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. पावसात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम झाली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण ‘नवी म्हणजे सुरक्षित’ हेही खोटं आहे. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या, गाड्या आदळवून सुरक्षेचे शून्य ते पाच तारे देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या तपासल्या आणि पाचही शून्य तारे घेऊन आल्या. त्यांत एअरबॅग नव्हत्या. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली २०१९मध्ये. अल्ट्रोजला २०२०मध्ये पाच तारे मिळाले. २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तशीच चाचणी आहे. सेकंडहँड छोटी गाडी घेताना उत्पादनाचं वर्ष, त्या मॉडेलचे तारे आणि एअरबॅगची संख्या एवढं तपासाच. पद्मिनी असेल, तर ती जरूर जपा, रविवारी सकाळी गल्लीतून हळू फिरवा. हायवेवर मात्र नेऊ नका.