पडलेल्याला परत जागा नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला: ‘प्रभूला ओळखून जो पडला, तो कायमचा गेला.’ म्हणजे विश्वासात येऊन जो पुन्हा पापात गेला, त्याला परत जागा नाही. खाली काही मुद्दे. माझ्या धाकट्या भावाने तो वाचला. तो पूर्वी संडे स्कूल घ्यायचा, मग चार वर्षं दारूत गेली. आता अकरा महिने झाले, थेंबाला शिवलेला नाही. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, ताट त्याच्यापुढे आलं, तर भाकरीचा तुकडा न उचलताच त्याने ते माझ्याकडे सरकवलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, “ताई, इब्री सहा वाच.”

बायबलमधलं ते इब्री पत्र वाचलं. मेसेजचा पहिला मुद्दा तोच होता: एकदा प्रकाश मिळून जे पडले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. इब्री ६:४-६ कठीण आहे, ते मी कशाला नाकारू? पण तो इशारा ख्रिस्ताला पाठ दाखवून त्याला वधस्तंभावर खिळतच राहणाऱ्यांना आहे. मूळ ग्रीकमध्ये ती क्रिया चालू असलेली आहे. आणि तीनच ओळींनंतर लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो, तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची आमची खात्री आहे म्हणतो. ते वचन मेसेजमध्ये का नाही?

दुसरा मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. म्हणे येशूला तीनदा नाकारूनही परत घेतलेल्या शिष्य पेत्राचं उदाहरण देऊ नका, तो पवित्र आत्मा मिळण्याआधी पडला होता. मग गलती २ उघडा. पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवसानंतर कितीतरी वर्षांनी, अंत्युखियात, लोकांच्या भीतीने हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून गेला आणि प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. आत्मा मिळालेला पेत्र पुन्हा चुकला, पण त्याचं प्रेषितपद कुणी काढून घेतलं नाही.

आणि त्या पहिल्या नकारानंतर प्रभूने पेत्राला परत कसं घेतलं तेही पाहा. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एकदा योहान १८ मध्ये, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने प्रभूला नाकारलं. दुसऱ्यांदा योहान २१ मध्ये, सरोवराच्या काठी, जिथे प्रभूने स्वतः विस्तव करून त्यावर मासळी ठेवली होती. आधी न्याहारी दिली. मग तीन नकारांना तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक उत्तराला काम सोपवलं: माझी मेंढरं सांभाळ.

‘फुटलेलं मडकं पुन्हा जोडता येत नाही’ म्हणून यिर्मया १९ दाखवणाऱ्याने एक पान मागे जावं. अठराव्या अध्यायात कुंभार बिघडलेल्या मातीचंच दुसरं भांडं घडवतो. ‘पडलेल्याची प्रार्थना ऐकली जात नाही’ म्हणणाऱ्याने लूक १८ मधला जकातदार वाचावा: ‘मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणाला आणि नीतिमान ठरून घरी गेला.

‘आरंभीच्या मंडळीने (चर्चने) पडलेल्यांना कधीच परत घेतलं नाही’ हे तर सपशेल खोटं आहे. रोमन सम्राट देकियसच्या छळात, इ.स. २५० च्या सुमारास, अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने देवतांना बळी वाहिले. त्यांना मंडळीने क्षमा करू नये असं रोममध्ये नोव्हेशियन नावाचा याजक म्हणाला आणि वेगळा पंथ काढून बसला. कार्थेजचा बिशप सिप्रियन त्याच्या विरोधात उभा राहिला. पुढे ३२५ साली निकीया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने आठवा नियमच केला: नोव्हेशियनच्या पंथातल्या धर्मसेवकांना मंडळीत परत यायचं असेल, तर छळात पडलेल्यांशी सहभागिता ठेवू असं त्यांनी लेखी द्यावं. म्हणजे माझ्या भावाला प्रभुभोजनाच्या मेजापासून लांब ठेवणारा हा विचार मंडळीने सतराशे वर्षांपूर्वीच नाकारलाय.

पडलेल्याने सेवा करू नये, या शेवटच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. मंडळीचा पैसा खाल्लेल्या किंवा कुणाला छळलेल्या माणसाला एका रविवारी रडला म्हणून लगेच वेदीवर उभं करू नये. निकीयानेही पडलेल्यांना पश्चात्तापाची वर्षं नेमून दिली होती. पण ‘कधीच नाही’ हे कुठून आणलं? पौल आणि बर्णबा या प्रेषितांसोबत निघालेला मार्क पंफुल्या प्रांतातून सेवा अर्धी टाकून परतला, त्याच्यावरून पुढे त्या दोघांची फाटाफूट झाली. तोच पौल २ तीमथ्य ४:११ मध्ये लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

भावाला हे सगळं मी समोर बसून वाचून दाखवलंय. योहान २१ त्याने माझ्या हातून घेऊन स्वतः वाचला, दोनदा. पुढच्या प्रभुभोजनाला मी त्याच्या शेजारीच बसणार आहे.