पायात रॉड आहे म्हणून एमआरआय टाळू नका

"हाडाच्या गाठीचं ऑपरेशन होऊन रॉड बसलाय? एमआरआय करू नका, मशीन रॉड ओढून काढतं, फोटोही काळाच येतो," असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. मी इथंच एमआरआय टेक्निशियन आहे. असे पेशंट नेहमी येतात.

हे रॉड, कृत्रिम सांधे बहुतेक टायटॅनियमचे किंवा कोबाल्ट-क्रोमचे. ते ओढले जात नाहीत. धातूभोवती काळा डाग येतो, शेजारची कड वाकडी दिसते, एवढं मात्र खरं. तेही कमी करता येतं: ३ ऐवजी १.५ टेस्लाचं, म्हणजे कमी ताकदीच्या चुंबकाचं मशीन, वाढवलेली बँडविड्थ (सिग्नल टिपण्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा), फोटोत चरबीचा सिग्नल दाबायला फॅट-सॅट या पद्धतीऐवजी स्टिर (STIR) ही पद्धत. काही मशीनवर धातूमुळं फोटोत येणारा बिघाड कमी करणाऱ्या सेमॅक किंवा मॅव्हरिक या खास पद्धतीही असतात. गाठ परत उठली का, हे बघायलाच तर हा स्कॅन!

येताना इम्प्लांटचं कार्ड आणा, रॉडचं आधीच सांगा. पेसमेकरची गोष्ट वेगळी, त्याची तपासणी स्वतंत्र. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.