ड्रॅगन पॅलेसच्या लेखाबद्दल, कामठीच्या दादांना

दादा, सप्रेम जय भीम.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण तेव्हा लिहिलं असतं तर रागातच लिहिलं असतं. म्हणून चार दिवस थांबले. मधल्या काळात माझा लेख दोनदा वाचून काढला आणि फोनमधले त्या दिवसाचे सगळे फोटोही पाहिले.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘नागपुरात शनिवार-रविवार’ या माझ्या लेखात तर्री पोह्यांपासून संत्रा बर्फीपर्यंत सगळं सविस्तर आलं होतं आणि नागपूरजवळच्या कामठीतल्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराच्या वाट्याला शेवटचे दोन परिच्छेद आले होते. दादा मूळ कामठीचे आहेत. त्यांनी लिहिलं, ‘आमचा विहार म्हणजे तुमच्या जेवणानंतरची शतपावली नाही.’ दुपारी सावजी मटण खाऊन संध्याकाळी तथागतांसमोर जाऊन बसणं त्यांना खटकलं. मी ‘देवदर्शन’ हा शब्द वापरला, तो त्याहून जास्त खटकला. शिवाय कामठीला जाऊन आलेल्या माणसाने तिथल्या कामगार नेत्याचं, बाबू हरदासांचं, नावही घेऊ नये, याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली.

‘देवदर्शन’ या शब्दाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. तो शब्द मी लेखातून काढला आहे. मी मूळची साताऱ्याची. लहानपणापासून हात जोडून उभं राहायच्या कुठल्याही जागेला आमच्याकडे हाच शब्द. पण विहारात दर्शन देणारा देव नसतो आणि नवस फेडायचा नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञाच जुने देव सोडण्याच्या आहेत. दीक्षाभूमीवर त्या दगडात कोरलेल्या मी उभं राहून वाचल्या होत्या. वाचूनही हा शब्द लिहिला गेला, म्हणजे वाचलेलं आत उतरलं नव्हतं.

मटणाचं मात्र मला पटलं नाही. का, ते सांगते. बुद्धाच्या काळातले भिक्खू भिक्षापात्रात जे पडेल ते घेत. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नाही, ऐकला नाही, तशी शंकाही नाही, तर ते मांस चालतं, असा विनयातला, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांतला, नियम आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे, मांसाबद्दल तसं काही नाही. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोरांचं मांस, कारण ते खाणं गावाने लादलेल्या लाचारीला जोडलेलं होतं. त्यामुळे ‘मटण खाऊन विहारात गेलात’ हा आक्षेप मी मान्य करत नाही. पण तुमच्या आजी विहारात जायच्या दिवशी घरात वशट शिजू देत नसत, हे तुम्ही लिहिलंत आणि तिथे मी थांबले. ती शिस्त कुठल्या नियमातून आली नसेल, प्रेमातून आली असेल. पुढच्या वेळी आधी सकाळी विहारात जाईन आणि मग जेवायला.

सावजीबद्दल एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती इथे लिहिते. तो रस्सा हॉटेलात जन्मलेला नाही. हलबा कोष्टी समाजाच्या, माग चालवणाऱ्या घरांतलं ते जेवण. लवंग, काळी मिरी, दगडफूल, खसखस आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मागाचा धंदा बसत गेला तेव्हा घरातल्या बायकांनी स्वयंपाकघरं लोकांसाठी उघडली. मी मात्र तिखटाने डोळ्यात पाणी आलं यावरच अर्धं पान खर्च केलं होतं.

आता ‘ही सहलीची जागा नाही’ या तुमच्या मुद्द्याबद्दल. शांतपणे सांगते दादा, मला हे पटत नाही. त्या संध्याकाळी हिरवळीवर माझ्यापासून चार हातांवर एक कुटुंब बसलं होतं. आजी, सून, दोन मुलं. आजींची पांढरी साडी, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. वर जाऊन वंदना करून आल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला. भाकर, झुणका, जवसाची चटणी, कांदा. धाकटा हिरवळीवरून गडगडत खाली जात होता, त्याला कुणी रागावलं नाही. सून म्हणाली, पाहुणे आले की आम्ही इकडेच घेऊन येतो, फिरणंही होते अन् वंदनाही होते. त्यांना दोन्हीत काही विरोध दिसत नव्हता. ५६ साली दीक्षाभूमीवर लाखो माणसं आली ती पदराला शिदोरी बांधूनच ना? कुणी गाडीने, कुणी बैलगाडीने, कुणी पायी. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसं दीक्षाभूमीवरून निघून कामठीला येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत पुस्तकंही असतात आणि भाकरीही.

म्हणून खाण्याशेजारी विहार लिहिला ही माझी चूक नव्हती. माझी चूक वेगळीच होती. ती तुम्ही दाखवली नाहीत, कारण तुम्हाला ती दिसणं शक्यच नव्हतं. मीच सांगते.

लेखात मटक्यावरच्या लांब रोटीचा फोटो आहे. सगळ्यांत जास्त लाइक त्यालाच आले. त्या बाई रस्त्याकडेला चूल मांडून बसतात. लोकवन गव्हाचं पीठ, मीठ आणि इतकं पाणी की कणीक परातीत पसरते. ती त्या आपटून आपटून मळतात, इतका वेळ की मधे मी दोन फोन उरकले. मग त्यातला एक गोळा हातावर घेतात आणि तो या मनगटावरून त्या मनगटावर, तिथून कोपरापर्यंत झुलवत नेतात. बघता बघता ती रोटी हाताएवढी लांब होते, इतकी पातळ की पलीकडची चूल दिसते. मग ती उपड्या मडक्यावर अलगद सोडायची. मिनिटभरात भाजून घडी होते. मी विचारलं, फाटत नाही का? त्या म्हणाल्या, ‘फाटत होती न, शिकत होती तवा. मायनं लय मारलं.’

हे सगळं लेखात आहे. लेखात नाही ते असं. चुलीमागच्या पत्र्याला बाबासाहेबांचा फोटो लावलेला होता, धुराने कडा पिवळ्या पडलेल्या, त्याला ताजा हार. शेजारी कामठीच्या ड्रॅगन पॅलेसचं कॅलेंडर. पैसे देताना मी तिथे जाणार असल्याचं म्हणाले तर त्यांचा चेहरा फुलला. कुठल्या रस्त्याने जायचं, ऑटोवाल्याला किती द्यायचे, सगळं सांगितलं आणि निघताना म्हणाल्या, ‘जय भीम ताई.’ मी ‘नमस्कार’ म्हणाले आणि निघाले.

घरी येऊन फोटो लावताना मी तो वरून कापला. रोटी मधोमध यावी म्हणून कापला, असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण तुमची प्रतिक्रिया वाचून मूळ फोटो उघडला आणि लक्षात आलं की रोटी मूळ फोटोतही मधोमधच होती. खाण्याच्या लेखात ‘तो विषय’ नको, असं मनात कुठेतरी होतं. तुमची तक्रार अशी की मी खाणं आणि विहार एकत्र केले. माझं म्हणणं असं की मी ते तोडले. ती रोटी ज्या हातांची, विहारही त्याच माणसांचा. मी रोटी रुचकर म्हणून एका परिच्छेदात ठेवली आणि विहार शांत म्हणून दुसऱ्या. मधली बाई गाळली.

विहाराबद्दलही ‘शांत वाटलं’ यापलीकडे फारसं लिहिलं नव्हतं, तेही आता लिहिते. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या मदतीने आणि सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये तो उभा राहिला. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात चंदनाच्या एकाच लाकडातली मूर्ती आहे. मी गेले तेव्हा आत वीसेक माणसं असतील. इतर विहारांत त्रिशरण-पंचशील पालीत ऐकायची सवय होती. इथे ‘नम म्योहो रेंगे क्यो’ ऐकू आलं. म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाला वंदन. भारतातलं संस्कृत सूत्र चीनवरून जपानला गेलं आणि जपानी उच्चार घेऊन कन्हान नदीकाठी परत आलं. शेजारची कॉलेजातली मुलगी ते वऱ्हाडी हेलात, डोळे मिटून म्हणत होती. मला अर्थ कळत नव्हता, तरी तिसऱ्या-चौथ्या वेळी मीही हळू आवाजात म्हणायला लागले. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण ते फार खासगी वाटलं होतं.

बाबू हरदासांबद्दल मात्र माझ्याकडे कुठलंच कारण नाही. मला माहीतच नव्हतं. तुम्ही नाव लिहिलंत म्हणून शोधलं, वाचलं. १९०४ चा कामठीचा जन्म. विडी कामगारांना संघटित करणारा माणूस. १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेला आणि दोन वर्षांत, १९३९ च्या जानेवारीत, जेमतेम पस्तिशीत गेला. ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’ असं उत्तर मिळतं, तसं आपल्या माणसांत एकाने ‘जय भीम’ म्हणावं आणि दुसऱ्याने ‘बल भीम’ असं उत्तर द्यावं, असं त्यांनी सुचवल्याचं सांगतात. पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’च रूढ झालं. रोटीवाल्या बाईंनी निघताना मला जो शब्द दिला, तो कामठीच्याच माणसाने लोकांच्या तोंडी घातलेला, आणि मी त्याच कामठीला निघाले होते. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तुम्ही मनसरचंही लिहिलंत. तिथल्या टेकडीवरच्या उत्खननाचं मला ऐकून माहीत आहे, पण मी रामटेकला जाताना गाडीतूनच पाहिलं. न पाहता लिहिणार नाही. जाऊन आले की स्वतंत्र लेख करेन.

मूळ लेखात बदल केले आहेत. शब्द काढला, विहाराचा भाग वाढवला, बाबू हरदासांवर एक परिच्छेद जोडला आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेमुळे हे केल्याची नोंद ठेवली. फोटो मात्र अजून तसाच कापलेला आहे. पूर्ण फोटो लावण्याआधी त्या बाईंना विचारायला हवं. पहिल्या वेळी विचारलं होतं ते फक्त रोटीच्या फोटोसाठी. येत्या शनिवारी जाते आहे. नंतर कामठीला, आणि या वेळी विहारातून पुढे कन्हानकाठी, बाबू हरदासांच्या स्मारकापाशी. तुमच्या आजींचं घर त्याच रस्त्यावर होतं असं तुम्ही लिहिलं आहे. कुठल्या बाजूला, तेवढं कळवाल का?