गोपनीय कागद? कुठले!

संरक्षण धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांवरच्या लेखातलं 'अशा केंद्रांतल्या लोकांच्या हाती गोपनीय कागद असतात' हे वाक्य वाचून हसूच आलं. एका विद्यापीठाच्या संरक्षण धोरण केंद्रात मी दोन वर्षं संशोधन सहायक होतो. हाती काय आलं, तर अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड, संसदीय समित्यांचे अहवाल आणि एक्सेल. तीन आठवडे तर नुसत्या निवृत्तिवेतनात गेले. नाटोच्या व्याख्येत ते संरक्षण खर्चात धरतात, काही देश वेगळ्या शीर्षाखाली दाखवतात. ती एक ओळ नजरेतून सुटली की दोन देशांची तुलना कोलमडलीच. स्टॉकहोमची सिप्री ही शांतता संशोधन संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, तिची लष्करी खर्चाची आकडेवारीही खुल्या स्रोतांवरच उभी आहे.

या केंद्रांतल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांबद्दलही लेखकाने जरा घाई केली आहे. ते फक्त ओळखीपाळखीसाठी नसतात हो. आमच्याकडच्या नौदलातल्या सरांनी माझा तक्ता पाहून एवढंच विचारलं, "यातली गोदीत दुरुस्तीला किती?" मी सगळी जहाजं मोजली होती, समुद्रावर जाऊ शकणारी नाही. तो तक्ता त्या रात्री पुन्हा केला. बाकी, प्रकल्प संपला की नोकरीही संपते, यावर मात्र लेखात एक अक्षर नाही!