आधी लेबल पचवा, मग वाइन

फ्रान्सची भारी, इटलीची जेवणाबरोबर, स्पेनची स्वस्तात मस्त आणि जर्मनीची गोडमिट्ट. एवढ्या भांडवलावर माणूस युरोपातल्या वाइनच्या दुकानात शिरतो आणि फळीसमोर त्याचा मामा होतो.

फ्रेंच लेबल तुम्हाला सगळं ठाऊक आहे असं धरूनच चालतं. शाब्ली हे गाव, आणि बाटलीत शार्डने हे द्राक्ष, हे आपलं आपण समजून घ्यायचं. इटलीत 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो'मधलं मोंतेपुल्चानो हे द्राक्ष. 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो'मधलं मोंतेपुल्चानो हे तोस्कानातलं गाव, आणि बाटलीत मुख्यतः सांजोवेझे हे तिसरंच द्राक्ष! स्पेन त्यातल्या त्यात सज्जन. रिओहा भागातल्या तांबड्या वाइनवर 'रेझेर्वा' असेल तर किमान 3 वर्षं मुरलेली, त्यातलं 1 वर्ष ओकच्या पिंपात. विषय संपला.

जर्मन लेबल मात्र काहीच लपवत नाही आणि तोच खरा छळ. गाव, मळा, द्राक्ष, तोडणीचं वर्ष, सरकारी तपासणीचा क्रमांक, सगळं हजर. फक्त वाइन गोड आहे की नाही, एवढंच कळत नाही. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या तोडणीच्या वेळी द्राक्षात साखर किती होती, ते सांगतात. ती मोजतात एक्सले अंशांत: 80 अंश म्हणजे लिटरभर रसाचं वजन 1080 ग्रॅम. पुढे यीस्टने त्यातली किती साखर खाल्ली, यावर पायरी मौन पाळते. 'ट्रॉकेन' लिहिलं असेल तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, पण 'ट्रॉकेनबेरेनआउसलेझे' ही सगळ्यांत गोड, कारण तिथे वेलीवर सुकलेली असतात ती द्राक्षं. असं लेबल सरकारी खात्यालाच सुचू शकतं.

यावर माझ्या मते एकच उपाय: कोपऱ्यातला बारीक टाइपातला अल्कोहोलचा आकडा बघा. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. 80 अंशांचा रस पूर्ण आंबला तर साडेदहाच्या आसपास पोचतो. बाटलीवर 8 असेल, तर अडीच टक्क्यांची साखर, म्हणजे लिटरला चाळीसेक ग्रॅम, आतच आहे. 12 किंवा वर असेल तर बहुधा कोरडी.

दुसरा सापळा 1971च्या जर्मन वाइन कायद्याचा. 'पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन' हा एकच नामांकित मळा. 'पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग' म्हणजे आसपासच्या कितीतरी मळ्यांचं एकत्र गाठोडं. नावं मात्र सख्ख्या भावांसारखी. अशी गाठोडी आणि लीबफ्राउमिल्श नावाची गोडसर वाइन यांनी जर्मनीचं नाव घालवलं. मोझेल नदीकाठच्या कड्यावर लटकून काम करणाऱ्यांनी नव्हे.

ऑस्ट्रियाने तर 1985मध्ये हातानेच नाक कापून घेतलं. काही उत्पादकांनी वाइनला अंग यावं म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन घातलं आणि निर्यात झोपली. मग कायदा इतका कडक केला की आज तिथल्या दर्जेदार वाइनच्या टोपणावर लाल-पांढरी-लाल पट्टी लागते. ती तेवढी बघून घ्या.

आणि गोडाला नाक मुरडणाऱ्यांसाठी: झणझणीत मटणाच्या रश्शाबरोबर 14 टक्क्यांची भारदस्त फ्रेंच बोर्दो घेतलीत तर अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. तिथे तीच 8 टक्क्यांची काबिनेट, 8 ते 10 अंशांवर गार करून.